काचेच्या पेटीतील भरती-ओहोटी

चिंचणीच्या किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर एखादा दिवस काढला तर एक गोष्ट ध्यानात येते : समुद्राचे पाणी एकाच दिशेने वाहत राहत नाही. सुमारे सव्वासहा तास भरती, तेवढीच ओहोटी, आणि त्यावर लाटांची ये-जा. घरी खाऱ्या पाण्याच्या पेटीत प्रवाळ जगवू पाहणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

प्रवाळ झाडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे, आणि तोही जागेला खिळलेला. माशाचा जीव गुदमरला तर तो दुसरीकडे पोहून जाईल. प्रवाळाने जावे कोठे? अन्न व प्राणवायू त्याच्याकडे पाण्यानेच आणायचा आणि मळही पाण्यानेच न्यायचा. त्यातून त्याच्या अंगाला जवळजवळ स्थिर पाण्याचा एक पातळ थर चिकटलेला असतो. तो ओलांडूनच प्राणवायू आत शिरतो. पाणी खेळते असले की हा थर पातळ होतो, थांबले की जाड. दिवसा प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवले उजेडात प्राणवायू तयार करतात, म्हणून निभावते. रात्री मात्र सारी भिस्त प्रवाहावर.

मग एक जोरदार पंप लावला की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण एकमार्गी झोत ज्या बाजूवर आदळतो तेथील मांस सोलवटते, आणि पाठीमागच्या बाजूला गाळ साचून ती कुजते. म्हणून दोन लहान पंप समोरासमोर, थोडे तिरके लावावेत व टायमरने आलटून पालटून चालवावेत. झोत प्रवाळावर न सोडता काचेवर फोडावा. म्हणजे तो भोवऱ्यांनी पसरतो. दोनशे लिटरच्या पेटीत मऊ प्रवाळांसाठी तासाला दोन ते चार हजार लिटर पाणी फिरावे. दगडी प्रवाळांना याहून पुष्कळ अधिक लागते. परीक्षा सोपी आहे. माशांच्या खाद्याची चिमूटभर पूड सोडावी. जेथे तिचा ढीग बसेल तेथे प्रवाह पोचत नाही. मऊ प्रवाळ डुलला पाहिजे. एकाच अंगाला वाकून राहिला तर पंपाची दिशा बदलावी.

आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ. प्रवाळ पाहायचे तर मालवणकडे जावे. तेथून तुकडा उचलून आणण्याचा मोह मात्र नको. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसले आहेत.

राहता राहिली वीज. तारापूरला अणुविद्युत केंद्र असले तरी बोईसरच्या घरांतली वीज जायची ती जातेच. पंप थांबला की पेटीतला प्राणवायू घटू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा. तो नसेल तर वाटीने पाणी वर उचलून पेटीत ओतत राहावे, मध्यरात्र असली तरी.