फार्सीतील जलचरवाचक शब्द

फार्सी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास जलचरांची नावे म्हणजे कोशातून पाठ करावयाची एक नीरस यादी वाटते. वस्तुतः या शब्दांची घडण ध्यानी घेतली असता त्यांतील पुष्कळसे विनासायास स्मरणात राहतात.

प्रथम 'माही' हा शब्द पाहावा. अवेस्तातील 'मस्य' व संस्कृतातील 'मत्स्य' हे शब्द सजातीय होत. पहिल्याच्या कुळात फार्सी 'माही' येतो, तर दुसऱ्यापासून प्राकृताच्या द्वारे मराठी 'मासा' सिद्ध झाला. मोगल दरबारच्या 'माहीमरातब' या बहुमानामुळे 'माही' मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांसही अपरिचित नाही.

दुसरा वर्ग सामासिक शब्दांचा. 'हश्तपा' म्हणजे आठ पायांचा प्राणी, अर्थात अष्टपाद. 'लाकपुश्त' म्हणजे ज्याच्या पाठीवर कवच आहे असे कासव. येथे 'हश्त' व 'अष्ट', 'पा' व 'पाद', 'पुश्त' व 'पृष्ठ' या जोड्या सजातीय आहेत. खेकड्याचे नाव 'खरचंग'. 'चंग' म्हणजे पंजा. 'खर' म्हणजे गाढव, परंतु समासात तो मोठेपणाही दर्शवितो.

तिसऱ्या वर्गात नामापुढे 'दर्याई' हे विशेषण इजाफतीने जोडले जाते. 'अस्बे दर्याई' हा समुद्रघोडा, 'सितारा-ए दर्याई' हा तारामासा आणि 'अरूसे दर्याई', म्हणजे समुद्राची वधू, हे जेलीफिशचे नाव.

यापुढे मात्र सावधगिरी अवश्य आहे. 'नहंग' याचा आजच्या इराणात अर्थ देवमासा. जुन्या वाङ्मयात मात्र तो मुख्यतः मगरीचा वाचक आहे. मगरीस आता 'तिमसाह' हा अरबी शब्द रूढ आहे. 'दर्या' हा शब्दही मराठीत केवळ समुद्र दर्शवितो. फार्सीत तो मोठ्या नदीसही लागतो, जसे 'आमू दर्या'. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथात दर्यातील नहंगाचा उल्लेख आला, तर केवळ अर्वाचीन कोशावर विसंबणारा भाषांतरकार नदीतील मगरीस समुद्रातील देवमासा करून बसेल. व्याकरणदृष्ट्या त्याच्या वाक्यात दोष दिसणार नाही. तथापि मूळ वर्णनातील स्थळ आणि प्राणी ही दोन्ही बदललेली असतील.

सारांश, व्युत्पत्ती ही स्मरणास साहाय्य करते. अर्थाचा निर्णय मात्र ग्रंथाचा काळ व संदर्भ पाहूनच करावा लागतो.