पोराची बुद्धी तपासताना : कोणती कसोटी, कोणत्या मुलाला?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या शेतकी खात्याची माणसे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात फिरतात. नुसत्या शेंड्याचा रस पाहिला तर ऊस कच्चा वाटतो, नुसत्या बुडख्याचा पाहिला तर पिकलेला. म्हणून दोन्हीकडचा ब्रिक्स पाहूनच तोड ठरते. आडसाली ऊस दहाव्या महिन्यात तपासून 'याला गोडी नाही' असे कोणी म्हणत नाही. उसाला एवढे जपणारे आपण पोराच्या बाबतीत मात्र एका आकड्यावर निकाल लावून मोकळे होतो.

परवा एक सभासद गट कार्यालयात आले. हातात कागद. म्हणाले, "साहेब, नातू पाच वर्षांचा. बुद्ध्यांक अडुसष्ट आला म्हनत्यात. पोरगं मंद हाय का वो?" आम्ही विचारले, "कान तपासले का?" नाही. "प्रश्न कोणत्या भाषेत विचारले?" इंग्रजीत! पुढे कान तपासला, तर सारखा वाहून ऐकू कमी येत होते. उपचारानंतर, बोलावे न लागणाऱ्या कसोटीत मुलाने वयाला साजेसे काम केले. चूक पोरात नव्हती, कसोटीच्या निवडीत होती.

अशी कसोटी पहिल्यांदा १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. शाळेत जादा मदत कोणाला लागेल, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. कोणाच्या कपाळी शिक्का मारण्यासाठी ती नव्हती. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे मराठी व कानडी मुलांसाठी तिचे रूपांतर केले. हीच बिने-कामत कसोटी. ती तीन वर्षांपासून पुढे देता येते, पण तिचा बराच भार शब्दांवर आहे. मूल बोलत नसेल, तर तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

मग काय निवडावे? आधी प्रश्न ठरवावा, मग कसोटी.

मूल अडीच वर्षांच्या आतले असेल तर बुद्ध्यांक काढायचाच नसतो. मान धरणे, चालणे, वस्तू शोधणे, शब्द बोलणे यांवरून वाढ पाहतात. त्यासाठी बडोद्याच्या प्रमिला फाटक यांच्या कामातून तयार झालेली 'डासी' ही मोजणी आहे.

बोलण्याची अडचण असेल तर सेग्विन फॉर्म बोर्ड उपयोगी पडतो. लाकडी फळीतल्या खाचांत दहा आकार बसवायचे आणि किती वेळ लागला ते पाहायचे. पाच वर्षांपुढे रेवनची रंगीत आकृत्यांची कसोटीही देता येते.

रोजच्या व्यवहाराचा प्रश्न असेल तर व्हाइनलँड मापन घ्यावे. नागपूरच्या मालिन यांनी ते आपल्याकडच्या मुलांसाठी बसवले. यात मुलाला नव्हे, तर आईला किंवा आजीला विचारतात : हाताने जेवतो का, कपडे घालतो का, सांगितलेले काम करतो का? बुद्धीची कसोटी आणि हे वागणे, दोन्ही मागे असल्याशिवाय बौद्धिक अक्षमता ठरवता येत नाही. बुडखा आणि शेंडा दोन्ही पाहायचे, ते असे!

मालिन यांचीच बुद्धिमापन कसोटी सहा वर्षांपुढची आहे, ती पाच वर्षांच्या मुलाला लावू नये. वाचन-लेखनातील अक्षमतेचा दाखलाही आठ वर्षांच्या आत मागू नये. त्याआधी अडखळणाऱ्या पोराला शिकवावे, थांबून राहू नये.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचा विचार तर वेगळाच करावा लागतो. सहा-सहा महिने फडावर असलेल्या पोराला शाळेत शिकवलेले विचारले तर त्याची बुद्धी मोजली जात नाही, हुकलेली शाळा मोजली जाते.

तपासणीला जाताना आई-बापांनी चार गोष्टी विचाराव्यात. कान-डोळे आधी तपासले का? कसोटी या वयाची आहे का? घरच्या भाषेत आहे का? तपासणारा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला मानसशास्त्रज्ञ आहे का? मूल आजारी, भुकेले किंवा झोपेला आलेले असेल तर त्या दिवशी तपासणी नको.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. शंका आली तर लाजून घरात बसू नका, लवकर गेलात तर पोराला फायदाच आहे.

लहानपणीचा आकडा कायमचा नसतो. वर्ष-दीड वर्षाने पुन्हा पाहावे. 'मठ्ठ' हा शब्द मात्र एकदा चिकटला की पोराच्या अंगावरून लवकर निघत नाही. म्हणून आमची सर्व सभासदांना विनंती, की कागदावरचा आकडा वाचण्याआधी तो कशाने मोजला, हे विचारा.