वाऱ्याचा जोर आणि ग्रुपवरचा आवाज

२०२४ साली आयर्लंडमधल्या मराठी माणसाच्या वाट्याला निवडणुका जोडीजोडीने आल्या. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि तीनच दिवसांनी, ७ जूनला, इथल्या स्थानिक आणि युरोपीय निवडणुकांचं मतदान झालं. पुढे २३ नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल आला आणि २९ नोव्हेंबरला आयरिश संसदेसाठी मतदान. भारतात सकाळी आठला मतमोजणी सुरू होते तेव्हा नावनला जूनमध्ये पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात आणि नोव्हेंबरमध्ये अडीच. त्या वेळी तुम्ही पांघरुणात फोन घेऊन जागे असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

त्या दिवसांत फॅमिली ग्रुपवर काय चाललं होतं ते आठवून पाहा. सकाळच्या सुप्रभातच्या फुलांची जागा प्रचाराच्या व्हिडिओंनी घेतली होती. एरवी गुडघेदुखीवर बोलणारे काका अचानक राज्यघटनेवर बोलू लागले होते. कुणीतरी चिडून ग्रुप सोडला होता आणि त्यांना परत आणायला वहिनींना मध्यस्थी करावी लागली होती. या सगळ्या गदारोळाने नेमकं काय बदललं? तुमचं मत? काकांचं मत? की आणखीच काही? या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत बरंच चांगलं संशोधन झालं आहे, आणि त्याची उत्तरं आपल्या अंदाजापेक्षा वेगळी आहेत.

नावनचा माणूस, वाऱ्याचं माप

सुरुवात आपल्याच गावापासून करू. २७ मे १७७४ रोजी नावनमध्ये फ्रान्सिस ब्यूफर्टचा जन्म झाला. पुढे तो ब्रिटिश आरमारात गेला. त्या काळी प्रत्येक कप्तान वाऱ्याची नोंद आपापल्या मनाने करी. एकाला जे वादळ वाटे ते दुसऱ्याला नुसती झुळूक. ब्यूफर्टने १८०६च्या सुमारास ० ते १२ अशी श्रेणी मांडली आणि तिला एक साधा आधार दिला: वारा कसा वाटतो ते लिहू नका, त्याने काय हलतं ते लिहा. जहाजावर किती शिडं उघडी ठेवता येतात यावरून वाऱ्याचा जोर ठरू लागला. पुढे जमिनीसाठीही अशीच वर्णनं तयार झाली. पानं सळसळली तर २, छोटी झाडं डोलू लागली तर ५, छत्री सांभाळणं कठीण झालं तर ६. मेट एरनच्या सागरी अंदाजात आजही हीच श्रेणी असते.

निवडणुकीच्या काळात आपण नेमकं उलट करतो. आवाज ऐकतो आणि त्यालाच वारा समजतो. या वेळी वारं कुठल्या बाजूचं आहे ते ग्रुपवरून कळतंच, असं आपण म्हणतो. पण ते खरंच कळतं का?

बोलणारे किती, गप्प बसलेले किती

२०१९ साली प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. सर्वांत जास्त लिहिणाऱ्या १० टक्के लोकांनी एकूण ट्वीट्सपैकी सुमारे ८० टक्के ट्वीट्स लिहिले होते. हीच गोष्ट आपल्या साठ जणांच्या ग्रुपवर लावून पाहा. समजा सहा जण दिवसभर लिहितात आणि बाकीचे चोपन्न वाचून गप्प बसतात. तुमच्या मनात ग्रुपचं जे मत तयार होतं ते त्या सहा जणांचं असतं. उरलेल्यांना विरोध असेल, कंटाळा असेल किंवा त्यांना फक्त लग्नाचे फोटो पाहायचे असतील. शांततेची मोजदाद कोण करणार?

त्यात पुढे काय ढकललं जातं तेही पाहा. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली वादग्रस्त विषयांवरचे लाखो ट्वीट्स तपासले. नीती आणि भावना दोन्हींना हात घालणारा एकेक शब्द वाढला की मजकूर पुढे जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. शांतपणे लिहिलेली दोन वाक्यं जागीच राहतात. 'लाज वाटली पाहिजे' असं म्हणणारं वाक्य गावभर फिरून येतं.

आणि फिरून येणं हीच खरी गोम आहे. १९७७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं की एखादं विधान पुन्हा पुन्हा ऐकलं की ते अधिक खरं वाटू लागतं, मग ते खरं असो वा खोटं. कॉलेजच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि मावशीकडून एकच ढकलपत्र आलं, की आपल्याला तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. मूळ मजकूर एकच असतो. तो तीन दारांनी आत आलेला असतो.

ढकलपत्रांचं गणित

या दारांमधून काय आत येऊ शकतं, ते महाराष्ट्राने फार वाईट रीतीने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. देशात त्या सुमारास अशा अनेक घटना घडल्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली.

वीसऐवजी पाच, यात एवढा काय फरक पडतो? समजा प्रत्येकाने वीस ठिकाणी पाठवलं, तर पाचव्या पायरीला ३२ लाख ठिकाणं होतात. प्रत्येकाने पाच ठिकाणी पाठवलं, तर ३,१२५. एवढा फरक असूनही मजकूर थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी भारतातल्या हजारो राजकीय व्हॉट्सॲप ग्रुपांवरची चित्रं गोळा केली. त्यांच्या नमुन्यात सुमारे १३ टक्के चित्रं चुकीची माहिती देणारी निघाली, म्हणजे जवळपास दर आठांत एक.

मग मत बदलतं का?

इथे संशोधन आपल्याला चकवतं. २०२०च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी फेसबुकबरोबर एक मोठा प्रयोग केला. २३ हजारांहून अधिक लोकांना आपल्याच विचारांच्या मंडळींकडून येणारा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी दाखवला. तीन महिन्यांनी त्यांची राजकीय मतं तपासली, तर मोजता येईल असा फरक दिसला नाही.

बरं, मग लोकांना शिकवावं का? सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९च्या निवडणुकीच्या वेळी बिहारमधल्या गया इथे बाराशेवर लोकांसोबत प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर खोट्या बातम्या कशा ओळखाव्यात ते शिकवलं. सरासरी पाहता काही सुधारणा दिसली नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं उलट आणखी अवघड झालं. काकांना पाठवलेला फॅक्ट-चेकचा दुवा का वाया जातो, याचं उत्तर यात आहे. दुवा बातमीबद्दल असतो, पण काकांना तो आपल्या बाजूवरचा हल्ला वाटतो.

मग हलतं काय? २०१८च्या अमेरिकी निवडणुकीआधी काही लोकांनी, संशोधकांकडून पैसे घेऊन, चार आठवडे फेसबुक बंद ठेवलं. त्यांचा रोज साधारण एक तास मोकळा झाला. तो काही प्रमाणात घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत गेला. मन किंचित हलकं झालं आणि मुद्द्यांवरची टोकाची मतं थोडी निवळली. पण बातम्यांचं ज्ञानही कमी झालं, म्हणजे फुकट काहीच मिळालं नाही.

सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर चित्र असं दिसतं: ग्रुपवरचा आवाज काही महिन्यांत आपलं मत फारसं हलवत नाही. तो आपला वेळ खातो, मूड बिघडवतो आणि दुसऱ्यांबद्दलचा अंदाज चुकवतो. भाऊ कुठल्या पक्षाला मत देतो हे आपल्याला आधीही ठाऊक होतं. निवडणुकीनंतर तो माणूसच वाईट आहे असं वाटू लागतं, आणि हे नुकसान निकालानंतरही भरून येत नाही.

जे खरंच हलतं

एका प्रयोगात मात्र शिडं भरलेली दिसतात. २ नोव्हेंबर २०१० रोजी, अमेरिकेतल्या मतदानाच्या दिवशी, फेसबुकवर ६ कोटी १० लाख लोकांवर प्रयोग झाला. काहींना फक्त 'आज मतदान करा' असा संदेश दिसला. बहुतेकांना त्याच्यासोबत मतदान केल्याचं सांगणाऱ्या त्यांच्या मित्रांचे चेहरेही दिसले. चेहऱ्यांविना संदेशाचा मतदानावर परिणाम आढळला नाही. चेहऱ्यांच्या संदेशामुळे मात्र सुमारे ३ लाख ४० हजार जास्तीची मतं पडली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक जवळच्या मित्रांमुळे. युक्तिवादाने जे होत नाही ते ओळखीच्या माणसाच्या एका साध्या कृतीने होतं.

आता स्वतःकडे पाहा. भारतीय नागरिकत्व असेल तर अनिवासी मतदार म्हणून नोंदणी करता येते, पण मत द्यायला मतदान केंद्रावर स्वतः जावं लागतं. २०२४च्या लोकसभेसाठी सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदार नोंदलेले होते आणि त्यातल्या २,९५८ जणांनी मत दिलं. महाराष्ट्राच्या यादीतल्या ५,०९७ पैकी सतरा जणांनी. म्हणजे ज्या निवडणुकीवर आपण रात्री जागवतो, तिच्यात आपलं मत जवळपास नसतंच.

इथली गोष्ट वेगळी आहे. आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकीत नागरिकत्वाची अट नाही. तुमचं वय अठराच्या वर असेल, तुम्ही इथे राहत असाल आणि यादीत नाव असेल, तर भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं. नावन विभागातून मीथ काउंटी कौन्सिलवर सात सदस्य जातात. आपल्याकडे विधान परिषदेला असतं तसंच इथेही पसंतीक्रमाने १, २, ३ लिहायचं. सात जागांसाठी कोटा म्हणजे एकूण वैध मतांचा आठवा भाग अधिक एक. आठ हजार मतं पडली तर १,००१. शेजारच्या चार इमारतींतल्या लोकांनी ठरवलं तर या आकड्यात त्यांचा वाटा डोळ्यांना दिसेल एवढा असतो. मुलांचं मैदान, फुटपाथ, वाचनालय, कौन्सिलची घरं हे विषय याच सात जणांच्या टेबलावर येतात.

पसंतीक्रमाच्या कागदात आणखी एक शहाणपण आहे. तो तुम्हाला 'आमचा की त्यांचा' असं विचारत नाही. तुमचा पहिला निवडून आला नाही तर दुसरा कोण, असं विचारतो. पुढच्या वेळी ग्रुपवर वाद पेटला की हाच प्रश्न काकांना टाकून पाहा: 'तुमची दुसरी पसंती कोण?' याचं उत्तर देताना माणसाला घटकाभर विचार करावा लागतो, आणि शिवी देऊन ते देता येत नाही.

पुढच्या स्थानिक निवडणुका २०२९ मध्ये आहेत. नोंदणी मतदानाच्या काही दिवस आधी थांबते, त्यामुळे ते काम आजच उरका. 'चेक द रजिस्टर' या सरकारी संकेतस्थळावर पीपीएस क्रमांक, जन्मतारीख आणि एअरकोड भरला की दहा मिनिटांत होतं. झालं की नावनच्या मराठी ग्रुपवर एवढंच लिहा: 'मी नाव नोंदवलं.' खाली कुणीतरी विचारेल, 'कसं करायचं?' त्याला सांगा.