विश्लेषण : ब्रिटिश गुन्हेमालिकांतलं गाव हिंदीत का हरवतं?

‘ब्रॉडचर्च’मध्ये (२०१३) एका मुलाचा खून होतो आणि आठ भाग सगळं गाव एकमेकांकडे संशयानं पाहत राहतं. ‘हॅपी व्हॅली’ची नायिका यॉर्कशायरच्या खोऱ्यातली सार्जंट, नातवाला वाढवणारी आजी. ब्रिटनमध्ये बहुतेक पोलीस बंदूक बाळगत नाहीत. त्यामुळे चकमकीची सोय नाही. कथा सरकते ती चौकशीतल्या बोलण्यावर. प्रेक्षक खिळतो तो तिथेच.

हिंदीनं कथा घेतल्या. ‘क्रिमिनल जस्टिस’ २०१९ मध्ये आली, ‘ल्यूथर’ २०२२ मध्ये ‘रुद्र’ झाली. पहिली पंकज त्रिपाठींच्या वकिलामुळे जमली. दुसरीत नायकाचा रुबाबच जास्त. दोन्ही मुंबईत घडतात. गाव कोणी उचललंच नाही.

खरं तर मुंबईबाहेर पडलं की कर्जत-खालापूर आहेच. घाट, द्रुतगती मार्ग, शनिवार-रविवारी भरणारी फार्महाउस, डोंगरातल्या वाड्या. नितीन देसाईंचा एनडी स्टुडिओही इथलाच. ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. कर्जत मात्र पडद्यावर कर्जत म्हणून क्वचितच दिसतं. फार्महाउसवर काही विपरीत घडलं, तर पोलीस आधी कोणाला बसवून घेतील : मुंबईच्या मालकाला की वाडीवरच्या रखवालदाराला? एवढ्यावर आठ भाग सहज निघतील.