एक तक्ता आणि चाळीस नोंदणी-अर्ज

सातबाऱ्याचा उतारा ज्या घरात नाही असे घर कोकणात विरळाच. परंतु त्याला 'सातबारा' का म्हणतात, असे विचारले तर पुष्कळजण थबकतात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोहोंचा तो एकत्र उतारा होय. पहिल्यात जमीन कोणाच्या नावे आहे ते असते, दुसऱ्यात तीत कोणते पीक आहे ते. हेदवीचा उतारा घ्या की विदर्भातील एखाद्या खेड्याचा; नमुना एकच, बदलतात त्या नोंदी. आमचा आजचा विषय एवढ्यातच सामावलेला आहे. नमुना एकदा ठरवावा, नोंदी तक्त्यात मांडाव्यात, म्हणजे अर्ज तयार करण्याचे कंटाळवाणे काम यंत्राकडे सोपविता येते.

समजा, हेदवी, वेळणेश्वर, पालशेत, नरवण अशा गुहागर तालुक्यातील चाळीस गावांत वृद्धांसाठी नेत्रतपासणी करावयाची आहे. प्रत्येक गावाची जागा, तारीख, वेळ आणि कार्यकर्ता निराळा. नावे मोबाईलवरून नोंदवावयाची, म्हणून प्रत्येक गावासाठी एक गूगल फॉर्म हवा. एका फॉर्मला दहा मिनिटे धरली, तरी चाळिसांना चारशे मिनिटे लागतील. म्हणजे जवळजवळ सात तास. वेळेपेक्षाही मोठी अडचण अशी की, तेविसाव्या फॉर्मपाशी हात थकतो आणि बाविसाव्या गावाची तारीख तशीच राहून जाते.

येथे तक्ता उपयोगी पडतो. संगणकावरील हिशेबाचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' या नावाने घरगुती संगणकावर आला. त्यात ओळी आणि रकाने असतात. आपल्या कामात एक ओळ म्हणजे एक गाव. रकान्यांत गावाचे नाव, जागा, तारीख, वेळ, किती जणांची सोय आहे तो आकडा आणि नोंदणीची अखेरची तारीख लिहावी. शेवटचा एक रकाना कोरा ठेवावा. त्याचे कारण पुढे येईल.

मग एक नमुना-फॉर्म हाताने, सावकाश आणि मन लावून तयार करावा. नाव, वय, फोन, पूर्वी मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे काय, एवढे प्रश्न पुरेत. यानंतर 'ॲप्स स्क्रिप्ट' नावाच्या गूगलच्या सोयीत थोड्या सूचना लिहावयाच्या असतात. त्यांचा मराठीत अर्थ असा: पहिली ओळ वाच, नमुन्याची प्रत काढ, प्रतीच्या मथळ्यात गावाचे नाव आणि वर्णनात जागा व तारीख घाल, तयार झालेल्या फॉर्मची लिंक त्याच ओळीच्या कोऱ्या रकान्यात लिही, मग पुढची ओळ घे. कारकुनाला सांगावे तसेच हे सांगणे आहे. फरक इतकाच की हा कारकून थकत नाही आणि शंकाही विचारीत नाही.

आता कोऱ्या रकान्याचे कारण. अशी स्क्रिप्ट एका वेळी साधारण सहा मिनिटेच चालू दिली जाते. बामणघळीच्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी लोटले की ते कसे उसळते, हे हेदवीच्या माणसाला सांगावयास नको. सगळे काम एका दमात लोटले तर तेही असेच मध्ये अडते. पंचविसाव्या गावावर काम थांबले आणि आपण पुन्हा आरंभापासून सुरुवात केली, तर पहिल्या पंचवीस गावांचे दोन दोन फॉर्म होतील. म्हणून सूचनांत एक अट घालावी: ज्या ओळीत लिंक आधीच आहे ती ओळ सोडून द्यावी. मग काम कितीदाही थांबो, जेथे राहिले तेथूनच पुढे चालते.

यंत्र शंका विचारीत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच धोका. आम्ही हा उद्योग प्रथम केला तेव्हा तक्त्यात '५/६' असे लिहिले होते. तक्ता अमेरिकन रीतीवर बसविलेला होता. त्याने ५ जूनऐवजी ६ मे असा अर्थ घेतला. '१३/६' सारख्या तारखा मात्र ठीक दिसत होत्या, कारण तेरावा महिना नसल्यामुळे यंत्राने ती अक्षरे जशीच्या तशी ठेवली. त्या बरोबर दिसल्या म्हणून आम्ही बाकीच्या तपासल्या नाहीत. अखेर एका आजोबांचा फोन आला: "अहो, तुमची तारीख तर उलटून गेली, आता आम्ही यायचं कधी?" तेव्हापासून आम्ही तारखेचा महिना अक्षरांत लिहितो, आणि फोनच्या आरंभीचे शून्य गळू नये म्हणून तो रकाना मजकुराचा ठेवतो. आधी दोन ओळींचेच फॉर्म काढून ते दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहतो. हाताने केलेली चूक एका गावाला भोवते. नमुन्यातील चूक चाळीस गावांना.

कोणी म्हणेल, चाळीस फॉर्म कशाला? एकाच फॉर्मात गावांची यादी द्यावी. पुष्कळ वेळा हेच शहाणपणाचे असते. प्रश्न सारखे आणि माहिती पाहणारा एकच असेल, तर एकच फॉर्म पुरे. परंतु येथे प्रकृतीची माहिती आहे. नरवणच्या माणसाच्या डोळ्यांची हकीकत वेळणेश्वरच्या कार्यकर्त्याने वाचण्याचे कारण नाही. ज्याचे त्याच्यापुरते राहावे, म्हणून फॉर्म वेगळे. तपासणी आटोपल्यावर नको असलेली माहिती पुसून टाकणे हेही त्याच कामाचे अंग समजावे.

आणखी एक गोष्ट राहिली. ज्यांच्यासाठी ही तपासणी आहे त्यांतील अनेकांना मोबाईलवरचे अक्षर दिसतच नाही. दिसत असते तर तपासणी कशाला? म्हणून प्रत्येक गावी कागदाची एक वही असावी आणि तीतील नावे कार्यकर्त्याने स्वतः फॉर्मात भरावीत. यंत्राने आपले सात तास वाचविले खरे. त्यांतील एक तास तरी या वहीसाठी ठेवला, तर ते वाचविणे सार्थकी लागेल.