पोकरमधील अल्प चकत्यांचा डाव
पोकर या पत्त्यांच्या खेळात पैजेच्या चकत्या थोड्या उरल्या असता पाने निवडण्याची पद्धती. टेक्सास होल्डेम प्रकारात प्रत्येकास दोन गुप्त पाने मिळतात; त्यांच्या संभाव्य १,३२६ संयोगांपैकी केवळ ७८ जोड्या असतात. स्पर्धेत सक्तीची पैज टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने उत्तम पानांची वाट पाहणे घातक ठरते. मोठ्या सक्तीच्या पैजेच्या सुमारे दहापट किंवा त्याहून कमी चकत्या उरल्यास सर्व चकत्या पणाला लावणे किंवा डाव सोडणे, हे दोनच पर्याय सामान्यतः इष्ट मानतात. अशा वेळी जोड्या व एक्का यांचे मोल वाढते. लहान क्रमवार पानांचे घटते, कारण त्यांपासून संभवणारा लाभ शिल्लक चकत्यांनी मर्यादित होतो. बोली यावयाची असलेले प्रतिस्पर्धी जितके कमी, तितकी निवड सैल ठेवता येते. जॅक स्ट्रॉस याने १९८२ मध्ये लास व्हेगस येथील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा एकच चकती उरल्यानंतर जिंकली.