उद्या मोर नदीवर

इकडे सरक माय, दिवा ओट्यावर ठेवू दे. लाइट जायची हीच वेळ, आणि आपला गळ अजून बांधायचा आहे. काल पोळा झाला, तीन दिवसांनी गणपती बसतील. आधी श्रावण, पुढे गणपती. मधली ही एवढीशी फट काय ती माझी! पण आहे ती बरी आहे. आषाढात पहिला पूर आला की मासे गाभोळी घेऊन धारेला उलटे चढतात. तेव्हा गळ टाकणं म्हणजे पेरलेलं बी उकरून खाणं.

वर जंगलात नाही जायचं. यावलचं रान 1969 पासून अभयारण्य आहे, तिथे गळ टाकता येत नाही. आपण खाली, आमोद्याच्या बाजूला.

मघाशी तू विचारलंस, उन्हाळ्यात नदी खडखडीत होते, मग मासे येतात कुठून? ऐक. सातपुडा संपतो तिथे पायथ्याला दगडगोट्यांचा जाडजूड थर आहे. डोंगरावरून धावत आलेलं पाणी त्यात झिरपून गडप होतं. शेजारच्या नदीचं नावच मुळी सुकी! ते पाणी आपल्या विहिरींत येतं, म्हणून तर इथे केळी उभी आहे. मासे मात्र तापीतून चढतात, नाहीतर उरल्यासुरल्या डोहांत तग धरतात. आणि मरळ? डोह आटला तरी ती ओल्या चिखलात तोंड वर करून पडून राहते. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा भरून घ्यायची एक पोकळी असते. गंमत अशी, की तिला वर येऊच दिलं नाही तर मासा असूनही ती पाण्यात गुदमरून मरते.

त्या डब्यात काय आहे बघ. गांडुळं. केळीच्या सडक्या खुंटाखाली ओल असते, सकाळी तिथेच सापडली. गांडूळ कातडीने श्वास घेतं, म्हणून डब्यात ओली माती. उन्हात ठेवशील तर आपण पोचायच्या आत आमिष संपलं! आणि हा धांडा सोल. ज्वारीच्या धांड्यातला हा पांढरा गर म्हणजे नुसती कोंडलेली हवा, म्हणून तो तरंगतो. तो बुडाला की समजायचं, खाली कुणीतरी जेवायला बसलंय.

माझा तंबाखूचा बटवा घरीच राहील. हसू नकोस, आजीला सांग, तिला आनंद होईल. शिंगीच्या मिशांवरच काय, अंगभर चव घेणारे ठिपके असतात. जणू सगळं अंगच जीभ. तंबाखूच्या बोटांनी लावलेलं गांडूळ ती तोंडात घेईल होय? तिला हात मात्र तू लावायचा नाहीस. तिच्या पंखातला काटा विषारी असतो. टोचलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा, कळ उतरते. म्हणून किटली सोबत. चहासाठी नाही, निदान आधी तरी नाही.

उद्या गप्प बसायचं का? बोल की खुशाल. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. पाय आपटू नकोस, तो हादरा काठाच्या मातीतून पाण्यात जातो. रोहूच्या पोटात हवेचा फुगा असतो. तिथून कानापर्यंत इवल्याशा हाडांची साखळी जाते, म्हणजे पोटात ढोल आणि ढोलाला कान जोडलेला. जर्मनीच्या वेबर नावाच्या वैद्याने ती हाडं 1820 साली दाखवून दिली.

आणि काठावर उभं राहायचं नाही. पाण्यात शिरताना उजेड वाकतो, त्यामुळे माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत दिसतं. उभा माणूस त्या खिडकीत ठळक येतो; खाली वाकून दूर बसलेला खिडकीच्या काठाशी चेपून जातो. माझी पांढरी टोपीही पिशवीत जाईल.

लहानपणी आम्ही एवढी तयारी कुठे करायचो! हिंगणाची फळं कुटून डोहात टाकली की थोड्या वेळात मासे वर. त्या फळात साबणासारखा फेस येणारा पदार्थ असतो, तो माशांचे कल्ले निकामी करतो. माणसाच्या पोटात तो फारसा शोषला जात नाही, म्हणून मासे खाऊन आम्हाला काही झालं नाही. तिकडे ॲमेझॉनच्या सदाहरित जंगलातही वेलींची मुळं ठेचून ओढ्यात सोडतात. पण मोठ्या माशासोबत बोटाएवढी पिल्लंही पांढरं पोट वर करून आली, त्यानंतर मी हिंगण उचललं नाही.

पिल्लांवरून आठवलं. पाण्यावर तांबड्या ठिपक्यांचा घोळका दिसला की गळ उचलायचा. ती मरळीची पिल्लं. खाली त्यांचे आईबाप पहारा देत असतात. ते धरले की दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. आपण पुढच्या डोहावर जायचं.

“आनि त्या डोहात बी लाल ठिपका ऱ्हायनात तं, आबा?”

तर त्याच्या पुढच्या.

“आनि तठे बी?”

पिशवी उघडून बघ. कळण्याच्या भाकरी सहा आहेत, आणि ठेच्याचा डबा काठोकाठ भरलाय. तुझ्या आजीला माझी मासेमारी ठाऊक आहे.